घर घेताना किंवा विकताना वकील कसा निवडावा: विदर्भातील गावांसाठी

विदर्भातल्या गावांत घराचा सौदा होतो तेव्हा वकिलाचे नाव बहुधा सगळ्यात शेवटी निघते. किंमत ठरलेली असते, बयाणा दिलेला असतो, आणि मग रजिस्ट्री कोणाकडून करायची हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर दलाल देतो, नाहीतर विकणारा देतो, किंवा सगळे मिळून तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे जातात. हा क्रम बदलायला हवा. वकील बयाण्याच्या आधी निवडावा, तो फक्त आपल्या बाजूचा असावा आणि दस्त लिहिण्याआधी त्याच्याकडून मालकीची तपासणी लेखी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याने वकील सक्तीचा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि असा दस्त खरेदीदार व विक्रेता स्वतःही नोंदवू शकतात. मात्र दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवते. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी देत नाही. रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला, ही समजूत गावोगाव आहे आणि बहुतेक वादांचे मूळ तिच्यात आहे. दस्त लिहिणे आणि मालकी तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम अनुभवी अर्जनवीसही नीट करतो. वकील शोधायचा तो दुसऱ्या कामासाठी.

हे दुसरे काम किती नाजूक आहे, ते गावठाणातल्या एखाद्या जुन्या घराच्या कागदांवरून कळते. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि कराची पावती दाखवतो. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच ती सांगते. मालकीचा पुरावा म्हणून ती पुरेशी नाही. त्यावर नाव वडिलांचे, वडील वारलेले, आणि विकायला एकटा थोरला मुलगा पुढे आलेला. जुन्या विक्रीपत्रातली चतुःसीमा वाचली तर पश्चिमेला ज्याचे घर लिहिले आहे तो माणूस जाऊन कितीतरी वर्षे झालेली असतात, त्याचे घर दोन भावांत वाटले गेलेले असते, आणि उत्तरेची गल्ली एका ठिकाणी भिंत घालून आत घेतलेली असते. चांगला वकील इथे थांबतो. तो भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नकाशा मागवतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावाच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या असतील, तर तीही पाहतो. आणि जमल्यास स्वतः, नाहीतर आपल्या माणसाला पाठवून जागेवर चतुःसीमा ताडून घेतो. जो वकील नमुना ८ पाहून लगेच मुद्रांकाचा हिशेब करू लागतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

शहरातल्या ओळखीच्या वकिलाकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला असेल तर. तो वकील हुशार असेलही, पण विदर्भाचा जमीन-कायद्याचा इतिहास वेगळा आहे. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेशात होता, त्यामुळे जुने अभिलेख, मालगुजारीचे (जुन्या जमीनदारी पद्धतीचे) कागद आणि नोंदींची पद्धत पश्चिम महाराष्ट्रासारखी नाही. कूळ कायदासुद्धा विदर्भासाठी स्वतंत्र, १९५८ चा आहे, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरची बंदी त्याच्या कलम ८९ मध्ये आहे. गावाला लागून शेतात घर बांधलेले असेल आणि तेच विकत घ्यायचे असेल, तर हा मुद्दा थेट आडवा येतो. नझूलची (सरकारी मालकीची) जागा, भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, भूदानात मिळालेली जमीन, अतिक्रमण नियमित होऊन मिळालेला पट्टा, यांतल्या प्रत्येकाच्या विक्रीवर वेगवेगळी बंधने आहेत. भूदानाची जमीन भूदानधारकाला विकता येत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार परवानगी घ्यावी लागते. मेळघाट, गडचिरोली किंवा केळापूरच्या बाजूला व्यवहार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा. म्हणून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचे, हद्दीचे आणि महसुली दावे चालवणारा वकील पाहावा. फौजदारी कामात नाव मिळवलेला वकील या कामालाही तितकाच चांगला असेल, असे धरून चालू नये.

निवड प्रत्यक्ष कशी करावी? दोन-तीन वकिलांना भेटावे, कागदांच्या झेरॉक्स सोबत न्याव्यात, आणि आपण काय सांगतो यापेक्षा ते काय विचारतात याकडे लक्ष द्यावे. विकणाऱ्याला बहिणी किती आणि त्यांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, हे पहिल्या काही मिनिटांत विचारणारा वकील कामाचा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ठरले आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. तरीही आपल्याकडे बहिणीचे नाव तोंडी संमतीवर किंवा साध्या कागदावरच्या सहीवर वगळले जाते. माहेरशी संबंध बिघडू नयेत म्हणून ती बोलत नाही, आणि नंतर तिची मुले दावा लावतात. तिचा हक्क तिला विचारून, समजावून, तिच्या सहीने मिटवायचा की तिलाही विक्रेता म्हणून दस्तात घ्यायचे, हे आधीच ठरवणारा वकील खरेदीदाराला वाचवतो आणि त्या बहिणीलाही न्याय देतो.

दुसरा प्रश्न बोजाचा. जागा सातबाऱ्यावर असेल तर 'इतर हक्क' या रकान्यात सेवा सहकारी सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज नोंदलेले असू शकते. विकणारा म्हणतो, कर्जमाफीत गेले. गेले असेल तर बोजा कमी झाल्याचा फेरफार (सातबाऱ्यातील बदलाची नोंद) दाखवावा, असे वकिलाने म्हटले पाहिजे. तिसरा प्रश्न मुखत्यारपत्राचा. लिहून देणारा वारला असेल तर साधे मुखत्यारपत्र संपते, आणि केवळ मुखत्यारपत्र, कब्जापत्र किंवा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. 'आपल्याकडे असेच चालते' असे म्हणून नोटरीवर काम भागवायला सांगणाऱ्याचा सल्ला घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

दोन्ही बाजूंचा एकच वकील ठेवून खर्च वाचवण्याची पद्धत सर्वत्र आहे. मी ती नाकारावी असेच सांगेन. कागदात खोट निघाली तर ती सांगणे खरेदीदाराच्या हिताचे आणि झाकणे विक्रेत्याच्या सोयीचे असते. एकाच माणसाने दोन्ही सांभाळावे अशी अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. दलालाने आणलेल्या वकिलाला नकार देणे गावात अवघड जाते. तेव्हा 'दस्त त्यांनी लिहू द्या, पण तपासणी आमचा वकील करेल' असे सांगावे. हे कोणालाही लागत नाही.

वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते आणि तिला क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच नको. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे मोठ्या फलकावरून काही ठरवू नये. ज्यांनी गेल्या काही वर्षांत घर घेतले आणि ज्यांचा फेरफार विनातक्रार मंजूर झाला, अशांना विचारावे.

फीबद्दल आधीच बोलावे. जुन्या दस्तांचा शोध, जाहीर सूचना, दस्त लिहिणे आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणे यांचे पैसे वेगवेगळे विचारून कागदावर लिहून घ्यावेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून चलनाने भरता येते, आणि त्या चलनाची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. 'ऑफिसचा खर्च' अशी एकच मोघम रक्कम सांगितली तर तिची फोड मागावी.

मग शोध अहवाल. वकिलाने सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची मालमत्तेनुसार यादी) पाहून साधारण ३० वर्षांचा शोध घ्यावा. गहाण मालमत्ता सोडवण्याची मुदत ३० वर्षांची असल्याने ही पद्धत रूढ आहे. अहवालात मालकी कोणाकडून कोणाकडे आली, मधला कोणता दस्त सापडत नाही, कोणते वारस सहीला लागतील आणि विक्रेत्याच्या नावावर दावा चालू आहे का, हे सहीनिशी लिहिलेले असावे. जुना दस्त मोडीत असेल तर त्याचे लिप्यंतर जोडलेले असावे. लोकमत किंवा देशोन्नतीसारख्या त्या भागात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात जाहीर सूचना द्यावी, आणि आक्षेपाची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम देऊ नये. ले-आउटमधला प्लॉट असेल तर महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते का, हेही वकिलानेच पाहावे.

विकणाऱ्यालाही वकील लागतो, फक्त काम वेगळे असते. वारस नोंद पूर्ण करून घेणे, बोजा उतरवणे आणि पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय सही न होईल अशी तजवीज करणे हे त्याने पाहावे. बयाणा घेताना ताबा देऊन टाकू नये, कारण ताब्यासह झालेल्या करारावर विक्रीपत्राइतके मुद्रांक शुल्क लागते आणि पुढे ताबा परत मिळवणे कठीण जाते.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत सल्ल्याला पात्र आहेत. ही सोय फार कमी लोक वापरतात.

रजिस्ट्रीनंतरही वकिलाचे काम थोडे उरते, आणि तेही आधीच ठरवून घ्यावे. जागा सातबाऱ्यावर असेल तर पटवाऱ्याकडे फेरफार धरला जाऊन नोटिशीची मुदत जाईपर्यंत लक्ष ठेवणे, ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नाव लावण्यासाठी स्वतंत्र अर्ज देणे, आणि मूळ विक्रीपत्र, आधीचे दस्त, शोध अहवाल, वर्तमानपत्राचे कात्रण व चलने एका फाईलमध्ये आपल्या ताब्यात घेणे. मूळ कागद वकिलाच्या कार्यालयात ठेवू नयेत. ते परत देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते.