मुंबईतून व्यावसायिक फुटबॉलकडे: मुलींनी पहिल्या दोन मोसमांत काय सांभाळावं

मुंबईच्या मैदानांवर उत्तम खेळणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच विशी गाठायच्या आत थांबतात. खेळ कमी पडला म्हणून थांबणाऱ्या थोड्याच. बाकीच्यांचं घोडं अडतं ते नोंदणीत, करारात, गुडघ्यात नाहीतर हिमोग्लोबिनमध्ये. या चारही गोष्टी सतरा-अठराव्या वर्षापासून हातात ठेवता येतात.

आधी व्यावसायिक कोणाला म्हणायचं ते पाहू. फिफाच्या नियमानुसार जिचा क्लबशी लेखी करार आहे आणि जिला खेळण्यासाठी येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळतो ती व्यावसायिक. बाकी सगळ्या हौशी. क्लबने जर्सी दिली, लोकलचा पास काढून दिला, मॅचनंतर नाश्ता दिला, तरी तुम्ही हौशीच. त्यात कमीपणा काही नाही. पण आपली नोंद कुठल्या रकान्यात आहे हे ठाऊक हवं, कारण उद्या पैसे थकले तर दाद मागता येते ती कराराच्या जोरावर, कोचच्या तोंडी शब्दावर नाही.

वाट साधारण अशी आहे. शाळेत असताना आझाद मैदानावरच्या आंतरशालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या मुलींच्या गटाची निवड. मग मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या महिला लीगमधला एखादा क्लब, त्यापुढे विफाच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या राज्यस्तरीय स्पर्धा, आणि राज्य संघात निवड झाली तर राजमाता जिजाबाई करंडक, म्हणजे राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा. क्लबांच्या बाजूने वर आहे इंडियन विमेन्स लीग, जी २०१७ च्या सुरुवातीला पहिल्यांदा खेळली गेली. तिच्या खालचा दुसरा स्तर २०२३-२४ पासून सुरू झाला. नवख्या मुलीने या दुसऱ्या स्तराकडे नीट पाहावं. वरच्या लीगमध्ये नावाजलेल्या क्लबच्या बाकावर बसून मोसम काढण्यापेक्षा खाली हजारभर मिनिटं प्रत्यक्ष खेळणं, आमच्या मते, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कितीतरी मोलाचं. पुढचा कोच विचारतो ते हेच: किती मॅच, किती मिनिटं, कुठल्या जागेवर.

नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत होते आणि ती क्लब करतो. बिघडतं ते नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, जन्मदाखल्यावर कधी नुसतंच नाव, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठल्या खान्यात गेलंय कोणी पाहिलेलं नाही. ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची ठरलेली मुदत, बंद व्हायला दोन दिवस उरलेले असताना हे दुरुस्त होत नाही. पासपोर्ट सतराव्या वर्षीच काढा, त्यावरचं नाव प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. जन्माची नोंद जन्मानंतर काही वर्षांनी झालेली असेल तर वयोगटाच्या स्पर्धांत हमखास विचारणा होते. रुग्णालयाचा कागद आणि शाळेचा पहिला दाखला शोधून ठेवा.

आणखी एक नियम पुष्कळ जणींना उशिरा कळतो. एका मोसमात जास्तीत जास्त ३ क्लबकडे नोंदणी करता येते आणि त्यातल्या २ क्लबकडूनच अधिकृत सामने खेळता येतात. ‘एकच मॅच आहे, ये खेळायला’ म्हणून ओळखीच्या क्लबकडे नोंदणी झाली, तर फेब्रुवारीत मोठ्या क्लबचा फोन येईल तेव्हा हात बांधलेले असतात. सीआरएसमध्ये आपलं नाव सध्या कोणाकडे आहे हे मोसमाच्या सुरुवातीला विचारून घ्या आणि क्लब सोडताना ना-हरकत लेखी घ्या.

आता ट्रायल. मैदानावर चाळीस-पन्नास मुली, बिब वाटलेले, दहा मिनिटांचं वॉर्मअप, थोडं पासिंग आणि मग वीस-वीस मिनिटांचे सामने. म्हणजे प्रत्यक्ष बॉल तुमच्या पायात असतो दीड-दोन मिनिटं. सगळ्या मुली त्या दोन मिनिटांत तीन जणींना चकवायला बघतात. बाहेर उभा असलेला कोच मात्र उरलेल्या अठरा मिनिटांकडे बघत असतो: बॉल येण्याआधी मान वळवून मागे पाहिलं का, पहिला टच पुढच्या मोकळ्या जागेत गेला का, बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय केलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली मुलगी तिथेच बाद होते. फॉर्मवर ‘कुठेही खेळते’ असं लिहू नका. एक जागा लिहा, दुसरी पर्यायी लिहा. डावा पाय चांगला असेल तर ते आवर्जून सांगा, कारण डाव्या बाजूच्या बॅक सगळ्यांनाच हव्या असतात. मैदानावर बोला. ‘मॅन ऑन’ (अंगावर कोणी येतंय), ‘टर्न’ (वळ), ‘टाइम’ (वेळ आहे) एवढे तीन शब्द वेळेवर ओरडणारी स्टॉपर, म्हणजे मधली बचावपटू, लक्षात राहते, आणि भुवनेश्वर, कोलकाता किंवा कोझिकोडच्या क्लबमध्ये पहिल्या दिवसापासून चालणारी भाषाही तीच.

बाहेरगावच्या क्लबला व्हिडिओ पाठवायचा असेल तर चार-पाच मिनिटांचा पुरे. पहिल्या तीस सेकंदांत सर्वोत्तम तीन प्रसंग, प्रत्येक प्रसंगाआधी स्वतःभोवती गोल, आणि गाणं नको. सोबत एका पूर्ण मॅचची लिंक द्या. शूटिंग मैदानाच्या कडेच्या रेषेवरून न करता कूपरेजच्या स्टँडसारख्या उंच जागेवरून करा. खालून घेतलं तर खेळाडूंमधलं अंतर कळतच नाही.

करार हातात आला की आधी तारखा पाहा. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की इंडियन विमेन्स लीगमधल्या क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचे करार करावेत. महिन्याला साधारण २६ हजार ६०० होतात. पण ही अट दहा जणींची आहे. अकरावी, सोळावी, बाविसावी मुलगी कमी पैशांत सही करू शकते, आणि नवखी बहुतेक त्याच गटात असते. शिवाय करार बारा महिन्यांचा की मोसमापुरता पाच महिन्यांचा, यावर सगळं गणित फिरतं. ‘दरमहा वीस हजार’ ऐकायला बरं वाटतं. पाच महिन्यांचे होतात एक लाख, आणि उरलेले सात महिने घरून. राहणं, जेवण, येण्या-जाण्याचं तिकीट, फिजिओ हे क्लब देणार असेल तर ते करारात लिहून घ्या. टीडीएस कापला असेल तर आयकराच्या पोर्टलवर दिसतो का पाहा आणि रिटर्न भरा. एवढ्या उत्पन्नावर तो सहसा परत मिळतो.

दुखापतीचं कलम सगळ्यात सावकाश वाचा. एमआरआयचा खर्च कोणाचा, शस्त्रक्रिया कुठल्या विम्यातून, त्या काळात पगार चालू का, आणि करार संपल्यावरही रिहॅब चालू असेल तर तो कोण करणार? फिफाचा नियम सांगतो की कराराची वैधता वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला योग्य कारणाने करार मोडता येतो. नोटीस ईमेलने पाठवा. मॅनेजरला केलेला व्हॉट्सअॅप मेसेज पुरावा म्हणून लंगडा पडतो. वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही लागते आणि करार ३ वर्षांपेक्षा मोठा करता येत नाही. एजंट म्हणवणारा कोणी ट्रायलसाठी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. फिफाचा परवाना आहे का हे नावावरून तपासता येतं.

शरीराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मुंबईची अडचण वेगळी आहे. जून ते सप्टेंबर मोकळी मैदानं चिखलात जातात आणि सगळा सराव फाइव्ह-अ-साइडच्या टर्फवर होतो. तिथे पाय चपळ होतात, पण चाळीस मीटरचा पास आणि सलग तीस मीटरची धाव चार महिने होतच नाही. ऑक्टोबरमध्ये १०५ मीटरच्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात जोरात धावलं की मांडीच्या मागचा स्नायू जातो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा ट्रॅकवर ६० मीटरच्या आठ-दहा धावा, पूर्ण विश्रांती घेऊन, चालू ठेवा. मरीन ड्राइव्हच्या फरशीवर रोज धावू नका. नडगी दुखायला लागते.

बुटांचा एकच जोड सगळीकडे चालत नाही. आर्टिफिशियल टर्फवर गवतासाठीचे लांब स्टड घातले की ते रुततात, पाय जागेवर राहतो आणि गुडघा वळतो. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे आणि तुटल्यावर परत खेळायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. टर्फसाठी एजी किंवा टीएफ सोलचे, गवतासाठी एफजी. मार्चमधल्या आझाद मैदानाच्या कडक मातीवर टीएफ बरे. फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, फारसं साहित्य लागत नाही, आठवड्यातून किमान दोनदा करावा. त्यातलं उडी मारून उतरणं एकमेकींना पाहत करा. उतरताना गुडघे आत वळत असतील तर तोच धोका. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायची सवय लागेपर्यंत वेग वाढवू नका.

पहाटेची विरार फास्ट पकडून साडेसहाच्या प्रॅक्टिसला येणारी मुलगी बऱ्याचदा चहा-बिस्किटावर असते. दुसऱ्या हाफमध्ये दम लागतो, कोच म्हणतो फिटनेस कमी, मुलगी आणखी धावते आणि आणखी थकते. आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही करून घ्या, कारण हा साठा हिमोग्लोबिनच्या आधीच घसरायला लागतो. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, अंडी-मांस चालत असेल तर खा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती खूण असू शकते, आणि त्यातून हाडं कमकुवत होतात.

औषधांच्या बाबतीत, सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं. ठरावीक प्रमाणापुढे ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत येतं. जबाबदारी पूर्ण खेळाडूची, मग ती गोळी कोणीही दिलेली असो. जिममधली लेबल नसलेली पावडर घेऊच नका.

शिक्षण सोडू नका. कॉलेजची हजेरी जमत नसेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मिळवा, कारण महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि पडताळणीत स्पर्धेचा स्तर, संघाचा क्रमांक आणि तुमचं नाव तिन्ही जुळावं लागतं. मुख्यालयं मुंबईतच असलेल्या पश्चिम आणि मध्य रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. जाहिरात आली की अर्जाला थोडेच दिवस मिळतात. प्रमाणपत्रांची स्कॅन केलेली फाइल आणि राज्य संघटनेचं पत्र तोवर तयार हवं.