गाडीच्या देखभालीचं नवं प्रॉडक्ट खपेल का? नाना पेठेतल्या काउंटरवरून

पुण्यातल्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसलं की अधूनमधून कोणी ना कोणी पिशवीतून बिनलेबलची बाटली काढतं. आधी "साहेब नाहीत का?" असं विचारून होतं. साहेब गोडाउन बघतात आणि काउंटर माझं, हे कळलं की बाटली माझ्याकडे सरकते. आत काहीही असू शकतं: पाण्याशिवाय गाडी धुवायचा स्प्रे, उंदीर पळवायचा स्प्रे, मायलेज वाढवायचं औषध. आणणारा बहुधा हुशार असतो, माल खरोखर चांगलाही असतो. पण चांगला माल आणि खपणारा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपला माल यांतला कोणता ते माझ्याकडे यायच्या आधीच बरंचसं तपासता येतं.

आधी एका कागदावर तीन माणसं लिहा. पैसे देणार कोण, वापरणार कोण, आणि "हे घ्या" म्हणून सांगणार कोण. परदेशी व्हिडिओत हा एकच माणूस असतो, रविवारी घरापुढे स्वतःची गाडी स्वतः चकाचक करणारा. पुण्यातल्या सोसायटीत गाडी धुतो तो पहाटे बादली-फडकं घेऊन येणारा माणूस. महिन्याचे पैसे ठरलेले, आणि लोक ऑफिसला निघायच्या आत सगळी रांग उरकायची. त्याच्या हातात तुम्ही पाण्याशिवाय धुवायचा स्प्रे दिलात तर प्रत्येक पत्र्यावर मारा, एका फडक्याने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, असं काम वाढलं. पगार तेवढाच. वर बाटलीचे पैसे मालकाने द्यायचे आणि वाचणारं पाणी सोसायटीचं. कोण कशाला घेईल? हाच स्प्रे एप्रिल-मे महिन्यांत, टँकरवर चाललेल्या आणि गाड्या धुवायला बंदी घातलेल्या सोसायटीत मात्र चालू शकतो. तिथे तुमचं गिऱ्हाईक गाडीमालक नाही, सेक्रेटरी आहे. पॅकिंगही मग छोट्या बाटलीचं नको, पाच लिटरच्या कॅनचं हवं.

तिसरा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो बहुतेक वेळा मेकॅनिक असतो. बोनेटखाली जे काही ओतायचं असतं, ते गिऱ्हाईक त्याला विचारूनच घेतं. त्यामुळे स्वतःला विचारा, माझ्या बाटलीने मेकॅनिकचं काम हलकं होतंय की त्याच्या मजुरीला कात्री लागतेय? गंजलेला नट सैल करणारा स्प्रे किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करणारा क्लीनर मेकॅनिक स्वतः बॉक्सने नेतात, कारण त्यांचा वेळ वाचतो. ऑइलचं लीकेज बंद करणारं औषध त्यांना दाखवलं की उत्तर ठरलेलं: "ताई, असलं काही टाकू नका, इंजिन जाईल." कधी हे खरंही असतं. कधी ऑइल सील बदलायची मजुरी बोलत असते. तुमच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

मग स्पर्धा बघा. नवउद्योजक दुसऱ्या कंपनीच्या बाटल्यांची यादी करून आणतात. खरा प्रतिस्पर्धी घरातच असतो. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट, उंदरांना तंबाखूची पुडी आणि डांबराच्या गोळ्या, काचेला वर्तमानपत्र, गाडी धुवायला केसांच्या शाम्पूचं पाऊच, काळ्या प्लॅस्टिकला डिझेलचा हात. यांतल्या काही उपायांनी नुकसान होतं हे मी रोज सांगते, आणि लोक ऐकून घेऊन तेच करतात. तुमचा माल या फुकटच्या उपायापेक्षा किती चांगला आहे, ते एका नजरेत दिसलं पाहिजे.

दिसण्यावरून आठवलं. हेडलाइट पॉलिश दुकानात विकणं सोपं जातं. भंगारातून आणलेल्या पिवळ्या हेडलाइटवर मधोमध मास्किंग टेप लावायची, एकच बाजू घासायची, टेप काढायची. गिऱ्हाईक तिथल्या तिथे पाकिटाला हात घालतं. उंदरांच्या स्प्रेचं उलटं आहे. तो उत्तम चालला तर काय दिसतं? काहीच नाही. वायर कुरतडली नाही याचं श्रेय कोणी बाटलीला देत नाही, आणि एकदा जरी कुरतडली की बाटली परत काउंटरवर. तरीही तो खपतो, कारण वायरिंगच्या बिलाची भीती मोठी असते, आणि ज्याची गाडी पावसाळ्यात एकदा बंद पडली तो परत जोखीम घेत नाही. म्हणजे गुण दिसत नसेल तर भीती तरी खरी हवी. दोन्ही नसेल तर अवघड आहे. 2025 मध्ये 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून मायलेजची ओरड सुरू झाली, तेव्हा पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधांची चौकशी माझ्याकडेही वाढली. पण स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये आज पंधराचं मायलेज आणि उद्या तेराचं, त्यात तुमच्या बाटलीने अर्धा किलोमीटर वाढवला की नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? पहिली बाटली कुतूहलाने जाते. दुसरी जात नाही.

आता एक युक्ती सांगते, तिला पैसे लागत नाहीत. तुमच्यासारखा माल ज्या दुकानांत आहे तिथे गिऱ्हाईक बनून जा आणि बाटली उलटी करून छापलेला महिना-वर्ष बघा. पॅकबंद मालावर एमआरपी, वजन-माप, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख छापावी लागते, 2011 चे वजनमापाचे नियमच आहेत तसे. तारीख दोन-तीन महिन्यांची असेल तर माल फिरतोय. दीड वर्षाची असेल आणि झाकणाच्या खाचेत धूळ बसली असेल, तर दुकानदार तोंडाने काहीही सांगो, माल पडून आहे. पुढच्या एका बाटलीवर थांबू नका, रांगेतली मागचीही बघा. एकट्या नाना पेठेवरही थांबू नका. चाकणच्या हायवेवरचं दुकान बघा, सोलापुरातलं बघा, एखादं वॉशिंग सेंटर बघा. बोअरच्या जड पाण्याच्या भागात काचेवरचे पांढरे डाग काढणारं लिक्विड उठतं, पुण्यात नळाच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला तो प्रश्नच माहीत नसतो. एका गावाच्या खपावरून महाराष्ट्राचा हिशेब मांडू नका.

हिशेबावरूनच बहुतेक बाटल्या पिशवीत परत जातात. समजा एमआरपी 300 रुपये ठेवली. 18 टक्के जीएसटी त्यातच आहे, तो काढला की उरले 254. माझ्यासारख्या दुकानदाराला त्यातले 30 टक्के तरी हवेत, नाहीतर मी ओळखीच्या कंपनीचाच माल पुढे करीन. राहिले 178. डिस्ट्रिब्युटरने 10 टक्के घेतले की 160. त्यावर दहावर एक फुकट ही स्कीम; नव्या नावाला ती द्यावीच लागते. हातात आले साधारण 145. यात लिक्विड, बाटली, लेबल, खोका, ट्रान्सपोर्ट, फुटलेला-गळलेला माल आणि तुमचा नफा. स्प्रेचा पंप कित्येकदा आतल्या लिक्विडपेक्षा महाग पडतो, हे नवीन माणसाला शेवटी कळतं. आणि हे 145 सुद्धा रोख नाहीत, उधारी दीड-दोन महिन्यांची धरा. एवढं करून आकडा जमत नसेल तर एमआरपी वाढवायच्या आधी टूथपेस्ट आठवा.

आकडा जमला तर चाचणी घ्या, पण "कसं वाटलं?" असं कोणाला विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडत नाहीत, सगळे "छान आहे" म्हणतात. नियमाप्रमाणे लेबल लावून थोडा माल बनवा आणि तीन वेगळ्या ठिकाणी रोखीने विका: एक स्पेअरचं दुकान, एक चार-पाच मेकॅनिकांचं गॅरेज, एक वॉशिंग सेंटर. विकल्यावर पैसे घेतो म्हणून ठेवलेला माल काही सिद्ध करत नाही. तो ठेवून घ्यायला मला काय जातंय? रोखीने घेतलेला माल मात्र मी स्वतः विकायला बघते. मग वाट बघा, फोन करू नका. त्यांचा फोन आला तर ऐकताना एकच लक्ष ठेवा, किती पाहिजे म्हणतात. पहिल्यापेक्षा जास्त मागितला की समजा गाडी पहिल्या गिअरमधून निघाली.

याच काळात काही बाटल्या मे महिन्यात अकोल्या-नागपूरकडे कोणाच्या तरी डिकीत ठेवायला द्या. तिकडच्या उन्हात थर वेगळे झाले, झाकणातून गळलं किंवा लेबल सुटलं, तर ते तुम्हाला आधी कळू दे. माझ्या कपाटातला शेजारचा माल चिकट झाला की पुढचं बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

लेबलवर काय लिहिता ते जपून. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, तेव्हा "मायलेज 20 टक्के वाढवा" छापायच्या आधी टेस्ट रिपोर्ट हातात हवा. नावाचा ट्रेडमार्क करताना वर्ग नीट बघा: पॉलिश-शाम्पू वर्ग 3 मध्ये, ऑइल-ग्रीस 4 मध्ये, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड 1 मध्ये. नव्या, वॉरंटीतल्या गाडीचा मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेरचं काही बोनेटखाली जाऊ देत नाही. तुमचं खरं गिऱ्हाईक वॉरंटी संपलेल्या गाडीत बसलेलं आहे. बाटलीवरचं चित्रही तशाच गाडीचं टाका, शोरूममधल्या गाडीचं नको.

आणि माल कधी आणता हेही महत्त्वाचं. उंदरांचा स्प्रे जूनच्या आधी कपाटात हवा, जुलैत आणलात तर मी दुसऱ्याचा भरून बसलेली असते. गणपतीला कोकणात उतरायच्या आधी वायपर, कूलंट, ब्रेक या गोष्टींची विचारणा होते. शाम्पू-पॉलिश दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात उठतं, खंडेनवमीला गाडीला हार घालायचा असतो ना. त्या आठवड्यात सॅम्पल घेऊन येऊ नका मात्र, काउंटरवर उभं राहायला जागा नसते.