चॅट रूममध्ये प्रश्नाला उत्तर का मिळत नाही? या चुका टाळा

प्रश्न टाकला, तासभर वाट पाहिली, तोवर दुसऱ्याच विषयावर गप्पा रंगल्या आणि आपला प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला. ऑनलाइन समुदायांच्या चॅट रूममध्ये नव्या सदस्यांची ही नेहमीची तक्रार असते. बहुतेकांना वाटते, इथले लोक शिष्ट आहेत. काही ठिकाणी ते खरेही असते. पण बऱ्याचदा प्रश्न विचारण्याची पद्धतच चुकलेली असते, आणि ती पाच मिनिटांत सुधारता येते.

रूममध्ये दोनशे नावे दिसली तरी त्या क्षणी पडद्याकडे बघणारे तीन-चारच असतात. बाकीचे कामात असतात किंवा झोपलेले असतात. परत आल्यावर ते मागचे शंभर संदेश भराभर सरकवत वाचतात. त्या धावत्या नजरेला तुमचा संदेश मागच्या-पुढच्या आधाराशिवाय कळला पाहिजे. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

नुसते ‘हॅलो, कोणी आहे का?’

समोरासमोर भेटल्यावर आधी नमस्कार करणे हा चांगुलपणा आहे. चॅटमध्ये मात्र नुसता नमस्कार टाकून थांबलात, तर दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते, मग तुमच्या टायपिंगकडे बघत बसावे लागते. ‘एक्सेल येणारे कोणी आहे का?’ हे त्याहून अडचणीचे. प्रश्न काय आहे हे कळण्याआधी ‘हो, मी आहे’ म्हणणे म्हणजे न पाहिलेल्या कामाची जबाबदारी घेणे. म्हणून जाणकारही गप्प राहतात. नमस्कार जरूर करा, पण त्याच संदेशात पूर्ण प्रश्न लिहा.

पूर्ण प्रश्नात चार गोष्टी लागतात: काय करायचे आहे, त्यासाठी काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले. ‘पीडीएफ नीट होत नाही, मदत करा’ यावर कोणी काय सांगणार? तेच असे लिहून पाहा:

‘नमस्कार. लिबरऑफिस रायटरमधला देवनागरी मजकूर पीडीएफ केल्यावर जोडाक्षरे सुटी होतात. फाइलमध्ये सगळे नीट दिसते. विंडोज ११. फाँट बदलून पाहिला, तरी तेच. हीच पीडीएफ फोनवर उघडली तर ठीक दिसते.’

शेवटच्या वाक्याने निम्मे काम केले. फाइल बरोबर आहे, गडबड बहुधा संगणकावरच्या पीडीएफ वाचकात आहे, हे जाणकाराला लगेच कळते. पडद्यावर एररचा संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा द्या. ‘काहीतरी एरर आली’ असे लिहिलेत, तर पुढचे तीन संदेश ‘कोणती?’ हे विचारण्यात जातात.

मूळ अडचण लपवून मधलाच उपाय विचारणे

ही चूक हुशार माणसेही करतात आणि तीच सर्वांत जास्त वेळ खाते. समजा कोणी विचारले, ‘राउटर रोज रात्री आपोआप बंद-चालू कसा करायचा?’ लोक टायमर सुचवतात, राउटरच्या सेटिंग शोधून देतात. अर्ध्या तासाने कळते की संध्याकाळी वाय-फाय मंदावते आणि रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ बरे चालते, म्हणून हा खटाटोप. मूळ अडचण आधी सांगितली असती, तर कोणीतरी आजूबाजूच्या वाय-फायची गर्दी तपासायला सांगितले असते. रीस्टार्टनंतर राउटर अनेकदा मोकळा वाय-फाय चॅनल निवडतो, म्हणून तात्पुरता फरक पडतो. असा चॅनल कायमचा ठरवून देता येतो, किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाता येते.

म्हणून प्रश्नात ‘हे कशासाठी हवे आहे’ असे एक वाक्य घाला.

एक वाक्य, सहा संदेश

संगणकावर एंटर दाबले की संदेश जातो. नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबा. ज्यांना हे माहीत नसते, त्यांचे एक वाक्य सहा तुकड्यांत पडते, मध्ये दुसऱ्या कोणाचा तरी संदेश घुसतो आणि प्रत्येक तुकड्याला दोनशे जणांचा फोन वाजतो. आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) या फक्त मजकुराच्या जुन्या चॅट व्यवस्थेतल्या रूममध्ये तर ओळींचा असा मारा झाला की सर्व्हर ‘एक्सेस फ्लड’ असे कारण देऊन जोडणीच तोडतो. त्यात कोणी तुमच्यावर रागावलेले नसते. तो आपोआप लागणारा आवर आहे.

आयआरसी १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केले, आणि अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या खोल्या आजही तिथे आहेत. मराठीत लिहिणाऱ्यांना तिथे एक खास अडचण येते. एका ओळीला ५१२ बाइटची मर्यादा आहे, आणि तीत रूमचे व पाठवणाऱ्याचे नावही मोजले जाते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह तीन-तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. साधारण वीस-पंचवीस मराठी शब्दांत ओळ भरते. काही क्लायंट (चॅटसाठी आपण वापरतो ते सॉफ्टवेअर) लांब ओळ आपोआप दोन संदेशांत तोडतात. जे तोडत नाहीत, त्यांत शेपूट सर्व्हरवर गळून पडते, आणि तुम्हाला मात्र स्वतःच्या पडद्यावर पूर्ण ओळ दिसत राहते. ‘प्रश्नाचा शेवट कुठे आहे?’ असे कोणी विचारले तर आधी हे तपासा. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर साध्या खात्याला एका संदेशात २,००० आणि टेलिग्रामवर ४,०९६ चिन्हे चालतात, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचितच येते. मात्र मोजणी तिथेही चिन्हांची होते: ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, पण मोजायला चार चिन्हे.

मजकुराचा फोटो काढून टाकणे

एररचा संदेश किंवा कोड यांचा स्क्रीनशॉट टाकला तर कोणालाही तो मजकूर कॉपी करून शोधता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध सदस्यांना तो वाचताच येत नाही. बटण कुठे आहे किंवा रेषा वाकडी का दिसते, अशा दिसण्याच्या प्रश्नांसाठीच चित्र वापरा. कोड असेल तर तो वर एक आणि खाली एक अशा तीन-तीन उलट्या टिकल्यांच्या (`) ओळींमध्ये ठेवा. ही टिकली बहुतेक इंग्रजी कळफलकांवर १ च्या डावीकडे असते. डिस्कॉर्ड, स्लॅक आणि टेलिग्राम तिन्हीकडे हे चालते. तसे न केल्यास कोडमधल्या तारका आणि अधोरेषा तिरप्या किंवा ठळक अक्षरांच्या खुणा समजल्या जाऊन गायब होतात, आणि लोक तुमच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतात. वीस-पंचवीस ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल तर पेस्ट साइटवर (लांब मजकूर ठेवून त्याचा दुवा देणाऱ्या संकेतस्थळावर) ठेवून दुवा द्या.

टॅग, डीएम आणि चुकीची जागा

‘@एव्हरीवन’ने सर्व सदस्यांना सूचना जाते, तर डिस्कॉर्ड आणि स्लॅकवर ‘@हिअर’ने फक्त त्या वेळी हजर असलेल्यांना. आपल्या एका प्रश्नासाठी दोन्ही वापरू नका. मॉडरेटरला (रूमची देखरेख करणाऱ्याला) टॅग करायचे ते त्रास देणारा किंवा स्पॅम टाकणारा आला असेल तर. अडलेल्या कामासाठी नाही. डिस्कॉर्डवर रिप्लाय देताना ज्याला उत्तर देतो त्याला मुळातच सूचना जाते. ती नको असेल तर रिप्लायच्या पट्टीवरचे @ चिन्ह बंद करा. आठवड्यापूर्वीच्या संदेशाला उत्तर देताना हे विशेष लक्षात ठेवा.

न विचारता डीएम (थेट खाजगी संदेश) करणे अनेकांना खटकते, आणि त्यामागे केवळ नाजूकपणा नाही. उत्तर सर्वांसमोर दिले तर ते चुकल्यास दुसरा कोणी लगेच सुधारतो आणि पुढच्या माणसाला शोधात सापडते. डीएममध्ये ही दोन्ही दारे बंद होतात. खाजगी माहितीशिवाय प्रश्न सुटणारच नसेल, तर आधी रूममध्ये विचारा: ‘तपशील डीएममध्ये पाठवू का?’

एकच प्रश्न समुदायाच्या तीन चॅनलमध्ये (म्हणजे रूममध्ये) चिकटवू नका. तीन जण एकाच वेळी तेच काम करतात, आणि ते कळल्यावर तिघेही पुढच्या वेळी हात आखडता घेतात.

घाई, आणि उत्तर मिळाल्यावर पसार होणे

चॅट झटपट दिसते म्हणून उत्तरही झटपट यावे असे वाटते. जगभरच्या समुदायात जाणकार माणूस आठ तासांनी उठणार असेल. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा टाकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मधल्या काळात काय करून पाहिले ते जोडून विचारा. जुन्या आयआरसी खोल्यांत बाहेर पडल्यावरचे संदेश परत आल्यावर मिळत नाहीत. तिथे विचारून लगेच खिडकी बंद केलीत, तर आलेले उत्तर तुम्हाला कधीच दिसणार नाही.

उत्तर मिळाले की ‘सुटले’ एवढेच लिहू नका. ‘फाँट नव्हे, पीडीएफ वाचक जुना होता, अद्ययावत केल्यावर जोडाक्षरे नीट आली’ असे लिहा. आणि लाज वाटते म्हणून आपला प्रश्न पुसून टाकू नका. उत्तर एकटे लोंबकळत राहते आणि देणाऱ्याची मेहनत वाया जाते. प्रश्नात चूक असेल तर नवी ओळ लिहून दुरुस्त करा. मूळ संदेशच बदलला तर आधी उत्तर दिलेला माणूस उगाच वेडा ठरतो.

सूर बिघडतो तो इथे

लिहिलेल्या शब्दांत आवाज नसतो, म्हणून थट्टा टोमणा वाटते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका सूचनाफलकावर विनोद गंभीरपणे घेतले जाऊ लागले, तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी दोन टिंबे, रेघ आणि कंसाचा हसरा चेहरा सुचवला. अनोळखी लोकांत उपरोध टाळाच, आणि थट्टा केलीच तर ती थट्टा आहे हे दिसू द्या.

मराठी रूममध्ये आणखी एक बारकावा आहे. टोपणनावावरून वय कळत नाही आणि बाई की पुरुष हेही कळत नाही, पण आपली क्रियापदे ते ठरवून मोकळी होतात: ‘तू म्हणालास’, ‘तू म्हणालीस’. ‘तुम्ही म्हणालात’ सर्वांना चालते आणि आदरही राखते. समोरच्याने ‘अरे-तुरे चालेल’ म्हटल्यावर तू म्हणा. ‘सर’, ‘भाऊ’, ‘दादा’ या संबोधनांत रूममधल्या बायका न कळत वगळल्या जातात. नुसते टोपणनाव पुरते.

जाणकारांकडूनही एक चूक होते: नवख्याला ‘आधी शोधून बघ’ एवढेच सांगणे. कोणते शब्द वापरून शोधायचे हेच त्याला माहीत नसते. ते शब्द द्या किंवा नेमक्या पानाचा दुवा द्या. तितक्याच वेळात होते.

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका

आयआरसीवर नाव नोंदवल्यावर प्रवेश करताना स्लॅशने सुरू होणारी आज्ञा आणि पासवर्ड अनेकदा टाइप करावा लागतो. स्लॅशच्या आधी चुकून एक मोकळी जागा पडली, तर अनेक क्लायंट त्या ओळीला साधा संदेश समजतात आणि पासवर्ड सगळ्या रूमला दिसतो. ही आज्ञा नेहमी सर्व्हरच्या खिडकीतच द्या, चॅनलच्या नाही. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा प्रोग्रॅममधून वापरण्याची गुप्त किल्ली) रूममध्ये गेलीच, तर संदेश पुसून निश्चिंत होऊ नका. बॉट (रूममध्ये आपोआप काम करणारे प्रोग्रॅम) आणि नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणांनी तो आधीच टिपलेला असू शकतो. आधी पासवर्ड बदला, की रद्द करून नवी घ्या, मग संदेश पुसा.

ॲडमिन म्हणवणाऱ्याने डीएममध्ये लॉगिनचा कोड मागितला किंवा डिस्कॉर्डच्या ॲपने क्यूआर स्कॅन करायला सांगितले, तर तो ॲडमिन नाही. तसा क्यूआर स्कॅन करून मंजुरी दिली की तुमचे खाते त्याच्या संगणकावर उघडते. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तर तुमचा फोन नंबर बाकीच्या सदस्यांपर्यंत पोचतो. सार्वजनिक दुव्यावरून अनोळखी ग्रुपमध्ये शिरण्याआधी याचा विचार करा.

संदेशच जात नसेल तर

लगेच बॅन झाल्याचे समजू नका. या क्रमाने पाहा. संदेशाच्या चौकटीजवळ उलटी मोजणी दिसते का? मग स्लो मोड आहे, म्हणजे दोन संदेशांत ठरावीक वेळ थांबावे लागते. डिस्कॉर्डवर तो ५ सेकंदांपासून ६ तासांपर्यंत ठेवता येतो. नव्याने आला असाल तर नियम मान्य करायचे राहिले आहेत का? डिस्कॉर्डच्या काही सर्व्हरवर (तिथे समुदायाला सर्व्हर म्हणतात) आल्यानंतर पहिली दहा मिनिटे लिहिता येत नाही. आयआरसीवर काही चॅनल नोंदणी केलेल्या नावांनाच बोलू देतात. संदेश जाऊन लगेच नाहीसा होत असेल, तर त्यातला दुवा काढून पुन्हा पाठवा, कारण दुवे गाळणारा बॉट हे नेहमीचे कारण असते.

खरोखर म्यूट किंवा बॅन झाला असाल तर दुसऱ्या खात्याने आत येऊ नका. एका दिवसाची बंदी कायमची होण्याचा हा सर्वांत सरळ रस्ता आहे. नियमांत दिलेल्या मार्गाने, एकाच मॉडरेटरला, एकदाच लिहा: ‘काल संध्याकाळी चालू चर्चेत मी तोच दुवा चार वेळा टाकला, त्यामुळे म्यूट झालो असे दिसते. स्पॅमचा नियम वाचला आहे. पुढे एकदाच टाकीन. म्यूट काढता येईल का?’ इतर कोण काय म्हणाले, कोणाला शिक्षा झाली नाही, हे त्यात आणू नका. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, कारण बहुतेक ठिकाणी मॉडरेटर हे काम आपला वेळ काढून, विनामोबदला करतात.