बारकोडात भाव नसतो

स्कॅनर आणला की साठा आपोआप जुळेल, असं आमच्या किराणा दुकानात सगळ्यांनाच वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात संगणकावर लिंबाच्या साबणाच्या ४० वड्या दिसत होत्या आणि फळीवर होत्या २२. चोरीची शंका आली, घरात दोन दिवस अबोला. मग आईने गुलाबाच्या साबणाचा साठा उघडून पाहिला, तर तो उणे १८! गिऱ्हाईक एकाच किमतीच्या, वेगवेगळ्या वासाच्या वड्या घ्यायचं आणि आमचा मुलगा एकच वडी स्कॅन करून पुढे ४ टाकायचा. बिलाची रक्कम बरोबर, साठ्याचा मात्र बट्ट्याबोळ. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: गर्दी असली तरी प्रत्येक नग स्कॅनरखालून जाऊ द्या.

पाकिटावरचा बारकोड म्हणजे नुसता क्रमांक, बहुधा १३ आकडी. त्यात भाव नसतो, मुदतही नसते. या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये आपण भरायच्या. सुरुवातीचं ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नव्हे, तर क्रमांक जीएसवन इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे. शेवटचा आकडा आधीच्या १२ आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे हाताने टाइप करताना एखादा आकडा चुकला तर सॉफ्टवेअरला तो पकडता येतो.

आपल्याकडची खरी डोकेदुखी एमआरपीची. जुन्या पुड्यावर ४८ रुपये, नव्यावर ५२, बारकोड तोच. सॉफ्टवेअर घेण्याआधी ते एकाच क्रमांकाखाली दोन एमआरपी वेगळ्या ठेवतं का, हे स्वतः दोन पुडे स्कॅन करून बघा. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

मालाची यादी एक्सेलमध्ये करणार असाल तर बारकोडचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल मोठा आकडा आखडून दाखवतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की मागचे आकडे जाऊन तिथे शून्यं बसतात. आमच्या दोनशे वस्तू अशा परत भराव्या लागल्या.

रवा, शेंगदाणे आपण घरी पॅक करतो, त्यांना आपलाच क्रमांक द्यावा लागतो. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत, त्यांतलेच घ्या. रिबनशिवाय, नुसत्या उष्णतेने छापलेली थर्मल लेबलं उन्हाच्या फळीवर लावू नका, काळी पडतात किंवा फिकी होतात आणि स्कॅनर गप्प बसतो.

आवक मात्र माल फळीवर चढण्याआधीच नोंदवा. खोक्यावरचा बारकोड वेगळा असतो, त्यात किती नग हे एकदा नीट भरून ठेवा. सगळ्या दुकानाची मोजदाद एकदम करायला जाऊ नका. आम्ही रोज दुपारी एकच फळी मोजतो, आणि रात्री गल्ला बंद करण्याआधी उणे साठ्याची यादी काढतो. गेल्या आठवड्यात त्यात दोनच नावं होती, दोन्ही बिस्किटांची.