हेल्दी म्हणून सँडविच-सॅलड मागवताय? आधी हे बघा

बोर्डावर मल्टीग्रेन, ब्राऊन असं काहीही लिहिलं असलं तरी लगेच हुरळून जाऊ नका, ब्रेडचं पाकीट दिसलं तर उलटं करून घटक वाचा, ज्याचं वजन जास्त ते आधी लिहावं लागतं, त्यामुळे पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल कलर (म्हणजे तपकिरी खाद्यरंग, पाकिटावरचा कोड १५०ए किंवा १५०डी) दिसला की समजायचं, तो तपकिरी रंग काही गव्हाचा नाही.

सॅलडची खरी गोम ड्रेसिंगमध्ये. मोठा चमचाभर मेयोनीज म्हणजे साधारण ९० कॅलरी, आणि काउंटरवरचा पोरगा बाटली दोनदा फिरवतो ना, त्यात तीन-चार चमचे सहज जातात आणि काकडी-टोमॅटोचं सगळं पुण्य तिथेच संपतं. म्हणून सरळ सांगा, "दादा, सॉस वेगळा द्या." हिरवी चटणी असेल तर तीच घ्या.

१० किंवा जास्त शाखा असलेल्या चेनला मेनूवर कॅलरी दाखवाव्याच लागतात, नसतील तर बिनधास्त विचारा, हक्क आहे आपला.

आणि कॉम्बोतलं कोल्ड ड्रिंक प्लीज नको, ३०० मिलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्याऐवजी साधं ताक मिळालं तर उत्तम, नाहीतर पाणी.