आयटीआयनंतरचे पहिले वर्ष : बेळगाव सीमाभागातील मुलामुलींसाठी

आयटीआयचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील मुलगा बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर ओळखीच्या ठेकेदारामार्फत उद्यमबाग किंवा मच्छे येथील एखाद्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागतो, नाहीतर भरतीच्या जाहिराती पाहत घरी थांबतो. पहिल्या वाटेने लगेच पैसे हाती येतात, पण दोन वर्षांनीही तो कागदोपत्री हेल्परच राहतो. दुसऱ्या वाटेने तेवढेही होत नाही. माझ्या मते हे पहिले वर्ष अप्रेंटिसशिपला, म्हणजे करार करून विद्यावेतनावर घेतलेल्या कामावरच्या प्रशिक्षणाला, द्यावे आणि पुढे नोकरी करायची की शिकायचे, हा निर्णय ती चालू असताना घ्यावा. मात्र त्याआधी कागदपत्रे सरळ करून ठेवणे आवश्यक आहे, कारण आपल्या भागात मुले अडतात ती बहुतेक वेळा गुणांमुळे नव्हे, तर कागदांमुळे.

नाव, दाखले आणि दोन राज्ये

‘ज्ञानेश्वर’ हे साधे नाव घ्या. मराठी शाळेतील गुरुजी ते इंग्रजीत डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू करतात, कन्नड कारकून जे-एन या अक्षरांनी लिहितो आणि आधार केंद्रावरचा मुलगा जी-एन असे टंकून मोकळा होतो. त्यात कर्नाटकातील रिवाजाप्रमाणे एका कागदावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर येते, तर दुसऱ्यावर वडिलांचे पूर्ण नाव आणि आडनाव येते. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करताना हे नाव आधारशी जुळले नाही तर अर्ज तिथेच अडकतो. म्हणून एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, गुणपत्रिका प्रमाण मानावी, आधार आणि बँक पासबुक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे आणि आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रातील चूक संस्था सोडण्यापूर्वीच प्राचार्यांच्या लक्षात आणून द्यावी. एकदा संस्था सुटली की तेच काम चार खेपांचे होते.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढून ठेवावा. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ब प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातील आरक्षणाची रचना वेगळी आहे, आणि एका राज्याच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याचे आरक्षण मिळत नाही. कोल्हापूरच्या आत्याने सांगितले म्हणून त्या भरवशावर अर्ज भरू नये.

मात्र सीमाभागातील मराठी भाषकांसाठी महाराष्ट्राने दोन दारे उघडी ठेवली आहेत, आणि त्यांची माहिती नसलेली मुले मला दरवर्षी भेटतात. महाराष्ट्र शासनाच्या १० जुलै २००८ च्या निर्णयानुसार, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवार तेथील शासकीय पदभरतीसाठी अर्ज करू शकतो. त्यासाठी त्या गावात १५ वर्षांचे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. तसेच महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातील उमेदवारांचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी शिक्षण सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेत झाल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले जोडावे लागतात. आपल्या गावाचे नाव ८६५ च्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्यावे आणि दाखल्यांची तयारी जाहिरात येण्यापूर्वी करावी, कारण अर्जाची मुदत संपत आल्यावर तालुका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून काही साधत नाही.

अप्रेंटिसशिप कशी मिळवावी

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याखालील आताच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ कामगार असलेल्या ठिकाणी ते ऐच्छिक आहे. उद्यमबागेतील अनेक वर्कशॉप या दुसऱ्या गटात मोडतात. तेथे मालक चांगला असला तरी तो करार करीलच असे नाही. त्यामुळे प्रथम मोठ्या आस्थापनांकडे वळावे. बेळगावचा हिंदाल्कोचा ॲल्युमिना कारखाना, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, मच्छे आणि होनगा परिसरातील हायड्रॉलिक्सच्या कंपन्या आणि फौंड्र्या ही नावे यादीत असावीत. सीमेपलीकडे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरील शिनोळी, तसेच कोल्हापूरकडील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहती आहेत. शिनोळीला घरून जाऊन-येऊन काम करता येते. कोल्हापूरला खोली घ्यावी लागते आणि विद्यावेतनाचा मोठा भाग तिच्यातच जातो, हे आधी मोजून घ्यावे.

विद्यावेतनाबाबत २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी दरमहा किमान ७,००० रुपये ही मर्यादा घातली होती. करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर विचारावा आणि कराराची पोर्टलवर नोंद झाली का, हे स्वतः लॉगिन करून पाहावे. ‘अप्रेंटिस’ या नावाखाली विनाकराराने राबवून घेण्याचे प्रकार घडतात. माझ्याकडे शिकलेल्या एका फिटरने अकरा महिने असे काम केले. पोर्टलवर त्याचे नाव नसल्यामुळे शेवटी त्याला परीक्षेला बसता आले नाही. नोंदणीकृत करार पूर्ण करून अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते, आणि वर्षभराच्या मेहनतीचे खरे मोल त्याच कागदात आहे. अप्रेंटिसला भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाही. मात्र ‘ट्रेनी’ म्हणून कामगारासारखे राबवणाऱ्याने ते नाकारले तर प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

रेल्वेची अप्रेंटिसशिप हा वेगळा आणि उत्तम मार्ग आहे. नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीला आहे आणि तेथेच डबे दुरुस्तीची मोठी कार्यशाळा आहे. निवड लेखी परीक्षेने होत नाही. दहावी आणि आयटीआय यांच्या टक्केवारीची सरासरी काढून गुणवत्ता यादी लागते. वयाची मर्यादा साधारणपणे १५ ते २४ वर्षे असून राखीव प्रवर्गांना सवलत आहे. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी पुढे लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वात खालच्या वेतनस्तराच्या, भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. रेल्वे भरती मंडळाच्या संगणकीय परीक्षेत मराठी भाषेचा पर्याय असतो; मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी तो अर्ज भरतानाच निवडावा. कोपा (संगणक चालवणे आणि प्रोग्रॅमिंग) ट्रेडच्या मुलींनीही या जाहिराती वाचाव्यात, कारण संगणक सहायकाच्या काही जागा या ट्रेडसाठी असतात.

मुलाखतीत मायक्रोमीटर हाती येतो तेव्हा

आपल्या भागातील मध्यम कारखान्यांत मुलाखत म्हणजे फोरमनने टेबलावर ठेवलेला एक जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, आणि तो मोजायला ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर. टर्नर किंवा मशिनिस्ट मुलगा जॉब पकडतो, रॅचेट फिरवतो आणि ‘२४.३७’ असे सांगतो. फोरमन काही बोलत नाही, फक्त पुन्हा बघ म्हणतो. स्लीव्हवरील (मायक्रोमीटरच्या न फिरणाऱ्या नळीवरील) खालच्या बाजूची अर्ध्या मिलिमीटरची रेष उघडी पडलेली असते, ती मुलाने धरलेली नसते. खरे माप २४.८७ असते. शून्य मिलिमीटरवर उपकरण शून्य दाखवते का, हे त्याने आधी पाहिले होते का, हा फोरमनचा पुढचा प्रश्न असतो. या दोन गोष्टी आठवडाभर रोज दहा वेळा केल्या तर हातात बसतात. ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचणे आणि सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्राच्या, प्रोग्रॅममधील जी आणि एम कोड ओळखता येणे यांचाही सराव ठेवावा. सीएनसीवर हात बसवायचा असेल तर उद्यमबागेतील शासकीय टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रातील अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चौकशी करण्याजोगे आहेत.

भाषेचेही स्पष्ट बोलावे. शॉपवर मराठी, कन्नड आणि हिंदी यांची मिसळ चालते, आणि ती सर्वांना समजते. परंतु कर्नाटक शासनाच्या नोकरीत दहावीला कन्नड विषय नसल्यास कन्नडची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वीज मंडळाच्या पॉवरमन पदासाठी एसएसएलसीच्या गुणांबरोबर खांबावर चढण्याची शारीरिक चाचणी असते, आणि त्यासाठी उन्हाळ्यातच सराव सुरू केलेला बरा. स्वतंत्र वायरिंगची कामे घेऊ इच्छिणाऱ्या इलेक्ट्रिशियनने विद्युत निरीक्षणालयाचा वायरमन परवाना काढावा. परवान्याशिवाय घेतलेल्या कामाची जबाबदारी अंगावर येते.

पुढे शिकायचे असेल तर

दोन वर्षांच्या ट्रेडचा आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी कर्नाटकात पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, आपल्या ट्रेडशी जुळणाऱ्या शाखेसाठी थेट अर्ज करू शकतो. महाराष्ट्रातही थेट द्वितीय वर्ष पदविकेची सोय आहे. पदविकेनंतर कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची डीसीईटी परीक्षा दिली की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला होतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच असले तरी बहुतेक प्रवेश त्याच्या संलग्न महाविद्यालयांत होतात. येथे एक अडचण सांगितली पाहिजे. थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित राहून गेलेले असते आणि पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात. प्रवेश मिळाल्यावर नव्हे, तर अप्रेंटिसशिपच्या काळात रोज एक तास त्रिकोणमिती, निर्धारक आणि प्राथमिक कॅल्क्युलस यांना दिला तर पहिल्याच सत्रात विषय मागे राहण्याची वेळ येत नाही.

आठवीनंतर आयटीआय केलेल्यांची मोठी अडचण म्हणजे दहावीचा कागद नसणे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत आयटीआयचे श्रेय वळते करून भाषा आणि मोजके विषय दिल्यावर दहावीची समकक्षता मिळवता येते. शिकवण्याची आवड असलेल्यांनी क्राफ्ट इन्स्ट्रक्टर प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. तो राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांत चालतो, प्रवेश सामाईक परीक्षेने होतो आणि आपल्याला बंगळूर किंवा मुंबईची संस्था जवळची.

आखातात जाऊ पाहणाऱ्या वेल्डर आणि पाइपफिटरने एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर आधी पाहावे. एजंटला घेता येणारे सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच असून, त्याची पावती घेतल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नये.