अमेरिकेतल्या घटस्फोटाच्या निकालाची नक्कल कुठून काढायची?

अमेरिकन पासपोर्टवर माहेरचं नाव परत लावायचं असेल, तर घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते. ती 'पेसर' या ऑनलाइन कोर्ट-नोंदींच्या सेवेवर शोधू नका, तिथे फक्त फेडरल (केंद्रीय) कोर्टांचे खटले असतात आणि घटस्फोट राज्यांच्या कोर्टात होतात. तुम्ही आज कुठेही राहत असा, फाइल निकाल लागला त्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) असते. मागायची कोणाकडे, हे मात्र राज्यागणिक बदलतं. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, कॅलिफोर्नियात काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लर्ककडे. न्यूयॉर्कमध्ये ही फाइल नवरा-बायको आणि त्यांचे वकील यांच्याशिवाय सहसा कोणाला दाखवत नाहीत, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा.

आधी कोर्टाच्या संकेतस्थळावर केस नंबर शोधा. आपल्या नावांचं स्पेलिंग तिकडे फार वेळा चुकतं. नाव सापडलं नाही तर माहेरचं आडनाव टाका, वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून बघा, जोडीदाराच्या नावानेही शोधा.

अर्जात 'सर्टिफाइड कॉपी' असं स्पष्ट लिहा, नाहीतर साधी झेरॉक्स हातात पडते आणि ती पासपोर्टला चालत नाही. कॅलिफोर्नियात या प्रमाणीकरणाची फी पानांच्या खर्चाहून वेगळी लागते.